फेब्रुवारीची प्रार्थनासभा: संत गोन्सालो गार्सिया, जपानचे छुपे ख्रिस्ती आणि आपली मोकळीक (नेमके तपशील हवेत)

जुनी_वही (धागाकर्ती)

फेब्रुवारी आला की वसई पट्ट्यातल्या चर्चमधून संत गोन्सालो गार्सियांचे नाव निघते आणि सोबत एक वाक्य हमखास येते: जगात ख्रिस्ती लोक छळ सोसत आहेत, आपण मोकळेपणी मिस्साला येतो, देवाचे आभार माना. वाक्य चुकीचे नाही, पण या कानाने ऐकले की त्या कानाने जाते, कारण त्यात दिसण्यासारखे काही नसते. मोकळीक काढून घेतात म्हणजे काय करतात? दारात कोण येतो, वही कसली असते, सही कोणाची लागते? हे कळल्याशिवाय आभार कशाचे मानायचे?

म्हणून हा धागा. गोन्सालोंचा शेवट नागासाकीत झाला, तेव्हा जपानवरच थांबू. तीन गोष्टी हव्यात. बंदीची यंत्रणा कशी चालायची, धर्मगुरूशिवाय लोकांनी २०० वर्षे श्रद्धा कशी टिकवली, आणि आजच्या छळ सोसणाऱ्यांसाठी विनवण्या कशा लिहाव्यात. सभा दीड तासाची आणि माणसे पन्नासेक धरून बोलू.

सुरुवातीपुरते: गोन्सालोंचा जन्म वसईचा, साधारण १५५७ च्या सुमाराचा. वडील पोर्तुगीज, आई इथली. कोवळ्या वयात जेझुइटांबरोबर जपानला गेले, भाषा शिकले, पुढे व्यापार केला आणि मग मनिलाला फ्रान्सिस्कन संघात ब्रदर झाले. चुकत असेल तिथे दुरुस्त करा.

प्रतिसाद १ · पाणकावळा

चुकलेले काही नाही, पण फलकांवर आणि भाषणांत ज्या चुका पुन्हा पुन्हा येतात त्या आधी काढून टाकू.

गोन्सालो धर्मगुरू नव्हते. व्रतस्थ ब्रदर होते, मिस्सा अर्पण करत नव्हते. ते जेझुइट रक्तसाक्षी (श्रद्धेसाठी जीव दिलेले) आहेत असेही काही ठिकाणी छापतात, तेही नाही. नागासाकीत एकत्र मारलेल्या २६ जणांत फ्रान्सिस्कन ६ (त्यांत गोन्सालो आणि मेक्सिकोचे फिलिप), जेझुइट ३ (तिघेही जपानी, पॉल मिकी त्यांपैकी) आणि बाकी १७ साधे जपानी प्रापंचिक. सगळ्यात लहान लुई इबाराकी, १२ वर्षांचा. हे १७ आपल्या भाषणांत कधीच येत नाहीत, ते मला खटकते.

दुसरी चूक: "खिळ्यांनी ठोकले". नाही. दोरांनी आणि लोखंडी कड्यांनी क्रूसाला बांधले आणि दोन बाजूंनी भाले खुपसले. क्योतोला कानाची पाळी कापून, भर थंडीत नागासाकीपर्यंत चालवत आणले होते. निघताना २४ होते, वाटेत २ वाढले. दिवस ५ फेब्रुवारी १५९७, जागा निशिझाका टेकडी.

तिसरी चूक बारीक आहे. हे १६१४ च्या देशव्यापी बंदीखाली झालेले नाही. जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याने धर्मगुरूंना देश सोडण्याचा हुकूम १५८७ लाच काढला होता, पण तो ढिलाईने पाळला जात होता. १५९६ च्या ऑक्टोबरात सान फेलिपे हे स्पॅनिश गलबत शिकोकूच्या किनाऱ्याला लागले, मालाच्या जप्तीवरून वाद झाला, आणि मिशनरी म्हणजे स्पेनच्या फौजेची आघाडी असा संशय पेटला. गोन्सालो दुभाषे म्हणून हिदेयोशीच्या दरबारात गेलेले, म्हणजे ते आधीपासून नजरेत.

तारखेबद्दल: मृत्यू ५ फेब्रुवारीचा, पण चर्चच्या जागतिक दिनदर्शिकेत ५ ला संत आगाथा असल्याने या २६ जणांचे स्मरण ६ ला येते. धन्य (संतपदाआधीची पायरी) घोषित १६२७, संतपद ८ जून १८६२. हे १८६२ लक्षात ठेवा. रोममध्ये संतपदाचा सोहळा झाला तेव्हा जपानात ख्रिस्ती असणे हा अजूनही गुन्हा होता.

प्रतिसाद २ · खतावणी

यंत्रणेबद्दल मी लिहितो. छळ म्हटले की आपल्याला तलवार आठवते. १६२२ साली नागासाकीत एकाच दिवशी ५० हून अधिक जणांना मारले, ते आहेच. पण तलवारीने रक्तसाक्षी तयार होतात आणि रक्तसाक्षींमुळे श्रद्धा वाढते, हे राज्यकर्त्यांच्या लवकर ध्यानात आले. मग त्यांनी काम कारकुनांकडे दिले. ते जास्त परिणामकारक ठरले.

चार भाग होते आणि ते एकमेकांत अडकवलेले होते.

पहिला भाग देवळाचा दाखला. प्रत्येक कुटुंबाने कोणत्या ना कोणत्या बौद्ध मंदिरात नाव नोंदवायचे. हा माणूस आमच्याकडचा, ख्रिस्ती नाही, असे तिथला भिक्षू लिहून देणार. जन्म, लग्न, स्थलांतर, मृत्यू, सगळ्याला हा दाखला लागे. अंत्यविधीही त्याच मंदिराच्या भिक्षूकडून. म्हणजे बंदी मोडायची तर आधी मेलेल्या माणसाचे काय करायचे हा प्रश्न पडतो.

दुसरा भाग पाच घरांचा गट. पाच घरे एकमेकांना जामीन. एकात ख्रिस्ती सापडला तर पाचही घरांवर आणि गावच्या मुखियावर बालंट. शेजारी वाईट नसतो, पण त्यालाही लेकरे असतात. ही रचना त्या भीतीवर चालते.

तिसरा भाग बक्षीस. गावोगावी चौकात लाकडी फलक लावलेले असत. १६८२ च्या फलकावरचे दर पक्के माहीत आहेत: धर्मगुरू पकडून दिल्यास चांदीचे ५०० नग, ब्रदर किंवा पुन्हा ख्रिस्ती झालेल्यासाठी ३००, साधा श्रद्धावंत किंवा सेवेकरी असेल तर १००. खबर देणारा स्वतः ख्रिस्ती असला तरी बक्षीस मिळणार. एक नग ४३ मोम्मेचा (मोम्मे हे जपानी वजन), म्हणजे सुमारे १६१ ग्रॅम. ५०० नगांची चांदी ८० किलो भरते. गंमत म्हणा की क्रूरपणा, हा दर लावला तेव्हा देशात लपून काम करणारा एकही धर्मगुरू उरलेला नव्हता. शेवटचे कोनिशी मान्सियो १६४४ मध्ये गेले. तरी दर तसाच ठेवला, कारण फलक रोज वाचला जावा हाच हेतू.

चौथा भाग फुमिए, म्हणजे तुडवायचे चित्र. नागासाकीत १६२०च्या दशकाच्या शेवटी सुरू झाले. आधी कागदी चित्रे होती, ती फाटू लागली. मग जप्त केलेली धातूची पदके लाकडी फळ्यांत बसवली. तीही झिजली, म्हणून १६६९ मध्ये पितळेच्या २० पाट्या ओतून घेतल्या. नववर्षाच्या पहिल्या महिन्यात एकेका वस्तीची पाळी लागे, घरटी माणसे मोजून पाय ठेवायला लावत, नोंद होई. क्युशूतली इतर संस्थाने नागासाकीकडून पाट्या उसन्या नेत. पायांनी तोंडे झिजलेल्या त्या पाट्या आज तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत.

यंत्रणा कुठे फसली तेही सांगतो. १८०५ मध्ये आमाकुसा बेटांवर चार गावांत मिळून ५,००० हून अधिक छुपे ख्रिस्ती सापडले. कायद्याने सगळ्यांना शिक्षा व्हायला हवी होती. पण एवढे शेतकरी मारले तर सारा कोण भरणार, आणि इतकी वर्षे सगळ्या वह्यांवर "एकही नाही" लिहिणाऱ्या अधिकाऱ्यांचे काय? म्हणून कागदावर "ख्रिस्ती" शब्दच टाळला, "निराळ्या पंथाच्या नादी लागलेले अडाणी" असे लिहून माफीपत्रे घेतली आणि फाइल बंद केली. कारकुनी यंत्रणेला स्वतःची चूक कबूल करायची नसते, इथे ती खोड लोकांच्या कामी आली.

प्रतिसाद ३ · चिंचोटी

खतावणी, फारच उपयोगी. पण एक शंका, आणि ती सभेत कोणीतरी विचारणारच. या लोकांनी चित्रावर पाय तर ठेवला. मग ते श्रद्धा टिकवणारे कसे? गोन्सालोंनी जीव दिला, यांनी पाय दिला. दोघांना सभेच्या एकाच फलकावर कसे बसवायचे?

प्रतिसाद ४ · अक्षरवेल

प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर त्या लोकांनी स्वतः शोधून ठेवले होते. भावनेवर सोडले नव्हते, पद्धत बसवली होती.

धर्मगुरू नाही म्हणजे पापनिवेदन नाही. पण चर्चची शिकवण अशी की शिक्षेच्या भीतीने नव्हे, तर देवावरच्या प्रेमापोटी खराखुरा पश्चात्ताप झाला आणि संधी मिळताच धर्मगुरूकडे निवेदन करीन असा निश्चय असला, तर क्षमा मिळते. बंदी येण्याआधीच, १६०३ च्या सुमारास, बिशप सेर्केइरा यांच्या काळात या पश्चात्तापावर जपानीत एक छोटी पोथी तयार झाली होती. लोक तिला कोन्चिरिसान म्हणत, मूळ पोर्तुगीज शब्दाचा तो जपानी उच्चार. हाताने नकला होत होत ती नागासाकी परिसरातल्या सोतोमे किनाऱ्यावर आणि गोतो बेटांत पोहोचली. पाय ठेवून घरी आले की ही प्रार्थना. मरणाऱ्याच्या उशाशीही हीच. म्हणजे पाय ठेवणे त्यांना क्षुल्लक वाटत नव्हते. पाप वाटत होते म्हणून तर दरवर्षी पश्चात्ताप होता.

अंत्यविधीचेही तसेच. भिक्षू येणार, सूत्रे म्हणणार, ते टाळता येत नसे. तेव्हा शेजारच्या खोलीत काही जण बसून त्या सूत्रांचा परिणाम पुसणारी प्रार्थना पुटपुटत.

आता रचना. नागासाकीजवळच्या उराकामी गावात तीन कामे वाटून दिलेली होती. सगळ्या गावाचा एक पंचांगवाला, तो सण आणि उपवास ठरवी. प्रत्येक मोठ्या वाडीला एक पाणीवाला, तो स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) देई. त्याखाली प्रत्येक आळीला एक निरोप्या, तो घरोघरी कळवी की या आठवड्यात काम कधी बंद, उपवास कधी. निरोप्याला आपल्या आळीपुरतेच ठाऊक, त्यामुळे एखादा पकडला गेला तरी सगळी साखळी उलगडत नसे.

पंचांगवाल्याचे काम सगळ्यात अवघड. हाताशी १६३४ च्या चर्च-दिनदर्शिकेवरून केलेले एक टिपण, जे बास्तियान नावाच्या उपदेशकाचे मानतात. पण जपानचे महिने आपल्यासारखे चांद्र, मधूनच अधिक महिना येणार. म्हणजे सौर तारखांचे सण दरवर्षी नव्याने बसवायचे. आपल्याकडे नाताळ पौष-मार्गशीर्षात कधी कोणत्या तिथीला येतो हे पंचांग न उघडता सांगून पाहा, म्हणजे कळेल. पुनरुत्थानाचा सण त्यातल्या त्यात सोपा, कारण तो मुळातच वसंतसंपात आणि पौर्णिमेवर बेतलेला आहे आणि या दोन्ही खुणा जपानी पंचांगात होत्याच.

हिशोब किती बरोबर राहिला याचा पुरावा आहे. १७ मार्च १८६५ ला उराकामीची माणसे नागासाकीच्या ओउरा चर्चमध्ये फ्रेंच मिशनरी फादर पेतिजाँ यांच्यासमोर उभी राहिली. त्यांनी सांगितले की आम्ही दुःखाचा काळ पाळतो आहोत, आज त्याचा सतरावा दिवस, तुम्हीही पाळता ना? त्या वर्षी राखेचा बुधवार, म्हणजे या प्रायश्चित्तकाळाचा पहिला दिवस, १ मार्चला होता. १७ मार्च म्हणजे प्रायश्चित्तकाळाचा बरोबर सतरावा दिवस. १६३४ पासून २३१ वर्षे, छापील कागद नाही, बिशप नाही, आणि एका दिवसाचीही चूक नाही. चिंचोटी, तुमच्या शंकेला माझ्याकडे याहून मोठे उत्तर नाही.

प्रतिसाद ५ · पाणकावळा

अक्षरवेल, सतरावा दिवस फलकावर मोठ्या अक्षरात घ्या. बाकी काही नाही वाचले तरी चालेल.

पाणीवाल्यांबद्दल भर. स्नानसंस्कार ही एकच गोष्ट अशी की गरजेच्या वेळी कोणीही देऊ शकतो, अगदी ख्रिस्ती नसलेला माणूससुद्धा, फक्त चर्चला अभिप्रेत आहे तेच करण्याचा हेतू हवा. म्हणूनच धर्मगुरू गेल्यावर मिस्सा गेली, निवेदन गेले, दृढीकरण गेले, पण हा राहिला. अटी तीन: खरे पाणी, ते डोक्यावरून वाहिले पाहिजे, आणि ओततानाच त्याच माणसाने पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने मी तुला स्नानसंस्कार देतो हे शब्द म्हटले पाहिजेत. एकाने ओतले आणि दुसऱ्याने म्हटले तर चालत नाही.

बिघाड शब्दांत झाला. लॅटिन-पोर्तुगीज शब्द न समजता कानावरून कानावर गेले, सात-आठ पिढ्यांत घासले गेले. त्यामुळे १८६५ नंतर मिशनऱ्यांना गावोगावच्या पाणीवाल्यांकडून शब्द म्हणवून घेऊन तपासावे लागले. शंका राहते तिथे चर्चमध्ये सशर्त संस्काराची सोय आहे: "तुझा स्नानसंस्कार झालेला नसेल, तर..." असे सुरू होणारे शब्द. सरसकट दुसऱ्यांदा देत नाहीत, कारण तो एकदाच होतो.

शब्द घासण्याचा दुसरा नमुना इकित्सुकी बेटावरचा. तिथल्या प्रार्थनांना ओराश्यो म्हणतात. त्यांतल्या एका गाण्यात "गुरुरियोझा" असा शब्द येतो, तो लॅटिन "ग्लोरियोसा". अवांतर: जपानीत धर्मगुरूला "बातेरेन" म्हणत आणि आपल्याकडे "पाद्री". दोन्ही एकाच पोर्तुगीज शब्दाची लेकरे. गोन्सालोंना दोन्ही शब्द ओळखीचे असणार.

प्रतिसाद ६ · कुशस्थळी

धागा वाचतो आहे, चांगला चालला आहे. मी ख्रिस्ती नाही, थोडे आडवे बोलतो, राग मानू नका.

ज्या पोर्तुगीज राजवटीच्या आश्रयाने गोन्सालो जपानला पोचले, तिनेच १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, बसवले आणि मधला थोडा खंड सोडला तर ते १८१२ पर्यंत चालले. ते बसवावे असे फ्रान्सिस झेवियरांनी १५४६ मध्येच पोर्तुगालच्या राजाला लिहिले होते. तिसवाडी, बारदेश, सासष्टीत देवळे पाडली गेली. श्रीमंगेश कुशस्थळीहून, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीहून, नदीपार प्रियोळला नेला तो १५६० मध्ये, शांतादुर्गा केळोशीहून कवळ्याला गेली ती त्याच दशकात. दोन्ही ठिकाणे तेव्हा पोर्तुगीज हद्दीबाहेर होती. खतावणींनी लिहिलेली दाखल्यांची, खबऱ्यांची, शेजाऱ्याच्या भीतीची यंत्रणा गोव्यातही ओळखीची आहे, आणि तिच्या कचाट्यात नवे ख्रिस्तीही पुष्कळ सापडले. घरात सोवळ्याचे कपडे नेसले, तुळस ठेवली, असल्या गोष्टींवरून.

तुमच्या सभेत हे येणार नसेल तर मोकळिकीचे आभार अर्धेच राहतील, असे मला वाटते.

प्रतिसाद ७ · जुनी_वही

कुशस्थळीकर, राग कसला. हे यायलाच हवे, आणि कोपऱ्यात नको, जपानच्या फलकाशेजारीच हवे. तुम्हीच चार ओळी लिहून द्याल का?

वसईपुरती एक जोड देते. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने वसई घेतली तेव्हा शरणागतीच्या अटींत मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना धर्म पाळायची मुभा मान्य झाली होती. जिंकलेल्या बाजूने लिहून दिलेले हे कलम आहे. इथले ख्रिस्ती मोकळिकीबद्दल कोणाचे आभार मानतात या यादीत ते बसायला हवे, आणि ते सहसा कोणी बसवत नाही.

प्रतिसाद ८ · खतावणी

जुनी_वही, ते कलम चांगले आठवले. आता बंदी उठली कशी, कारण ही गोष्ट भाषणांत फार गोड करून सांगतात.

१८६५ ला लोक पुढे आले म्हणजे सुटले, असे नाही. उलट खरा त्रास त्यानंतरचा. उराकामीच्या लोकांनी धीर करून मंदिराचे अंत्यविधी नाकारले आणि १८६७ च्या जुलैत रात्री धाड पडून ६० हून अधिक जणांना पकडले. दरम्यान शोगुनशाही गेली, मेइजी सरकार आले, आणि त्यांनी १८६८ मध्ये जुनीच बंदी नव्या फलकांवर लिहून पुन्हा लावली. मग अख्खे गाव, ३,३०० च्या वर माणसे, वीसेक संस्थानांत वाटून हद्दपार. ६०० हून जास्त तिथेच मेली. त्यांपैकी त्सुवानो संस्थानात १५३ जण पाठवले होते. तिथे उभेही राहता येणार नाही अशा तीन फुटी पिंजऱ्यात कोंडणे आणि गोठलेल्या तळ्यात बुडवणे हे प्रकार झाले.

हे थांबले ते परदेशांच्या दबावाने. जपान सरकारचे इवाकुरांच्या नेतृत्वाखालचे शिष्टमंडळ करार सुधारून घ्यायला अमेरिका-युरोपात फिरत होते आणि जिथे जाईल तिथे हाच विषय निघत होता. २४ फेब्रुवारी १८७३ ला फलक उतरवण्याचा आदेश निघाला. आणि त्याची भाषा पाहा: मजकूर आता सर्वांना माहीत झाला आहे, सबब फलक काढावेत. बंदी रद्द, असे त्यात कुठेही नाही! कायद्याने धर्मस्वातंत्र्य आले ते १८८९ च्या राज्यघटनेच्या कलम २८ मध्ये, तेही शांतता, सुव्यवस्था आणि प्रजेची कर्तव्ये यांना बाध न येईल इतके. पूर्ण हमी १९४७ ची, कलम २०.

परत आलेल्या लोकांनी पुढे गावच्या मुखियाचा वाडा विकत घेतला, जिथे दरवर्षी पाट्या तुडवायला लावत, आणि तिथेच उराकामीचे चर्च उभारले. ९ ऑगस्ट १९४५ ला अणुबॉम्ब त्यापासून साधारण अर्ध्या किलोमीटरवर फुटला. हे एकच वाक्य सांगा, त्यावर भाष्य नको.

आपल्या राज्यघटनेचे कलम २५ याच्या शेजारी ठेवून वाचा. श्रद्धा बाळगणे, आचरणे आणि प्रसार करणे, तिन्ही त्यात आहेत, "प्रसार" शब्द संविधान सभेत चर्चा होऊनच राहिला. मर्यादा सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांची. प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही असा सर्वोच्च न्यायालयाचा १९७७ चा निर्णय आहे. सभेत कलम वाचणार असाल तर निर्णयही सांगा, अर्धवट सांगितले की प्रश्न विचारणारा उठतोच. आणि ओडिशातल्या कंधमाळचा २००८ चा ख्रिस्तीविरोधी हिंसाचार विसरून "आपल्याकडे सगळे आलबेल" असेही म्हणू नका.

प्रतिसाद ९ · अक्षरवेल

विनवण्यांबद्दल. क्रम ठरलेला आहे: आधी चर्चच्या गरजा, मग राज्यकर्ते आणि जग, मग कोणत्याही ओझ्याखाली दबलेले, शेवटी स्थानिक समाज. चार पुरेत, पाच म्हणजे पुष्कळ. प्रत्येक विनवणी एका दमात वाचता आली पाहिजे, पंचवीसेक शब्दांत. त्याहून लांबली की ती प्रार्थना राहत नाही, बातमीपत्र होते.

सगळ्यात जास्त बिघडते ते इथे: विनवणीत एखाद्या धर्माला आरोपी करतात. पाकिस्तानचे उदाहरण घ्या. तिथल्या दंडसंहितेचे २९५-सी हे पैगंबरांच्या निंदेचे कलम, त्याखाली ख्रिस्ती असलेल्या आसिया बीबींना २०१० मध्ये फाशीची शिक्षा आणि ३१ ऑक्टोबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाकडून सुटका. पण त्यांच्या बाजूने बोलले म्हणून जानेवारी २०११ मध्ये ज्यांना मारले ते पंजाबचे राज्यपाल सलमान तासीर मुस्लिम होते. दोन महिन्यांनी शाहबाज भट्टी गेले, ते ख्रिस्ती मंत्री. दोन्ही नावे एकाच विनवणीत घ्या.

फेब्रुवारीतला आणखी एक दिवस जोडता येईल: १५ तारीख. २०१५ मध्ये लिबियाच्या किनाऱ्यावर मारलेले २१ जण, २० इजिप्तचे कॉप्टिक ख्रिस्ती मजूर आणि १ घानाचा. ते कॅथलिक नव्हते, तरी २०२३ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यांची नावे रोमन रक्तसाक्षींच्या यादीत घेतली. १५९७ च्या १७ प्रापंचिकांशी त्यांचे नाते सांगायला शब्द लागत नाहीत. पोटासाठी घर सोडलेली साधी माणसे.

एक नमुना: "एरिट्रियात मान्यता नसलेल्या मंडळीत प्रार्थनेला जमल्याबद्दल कोठडीत असलेल्यांसाठी, आणि त्यांच्या पहारेकऱ्यांसाठी, आपण प्रार्थना करू या." तिथे २००२ पासून चारच पंथांना परवानगी आहे, तीन ख्रिस्ती आणि सुन्नी इस्लाम. पहारेकऱ्यांना वगळू नका.

सावधगिरी: ज्या देशांत श्रद्धा लपवावी लागते तिथल्या हयात माणसांची नावे, गावे, चेहरे फलकावर लावू नका, सभेचे थेट प्रक्षेपण असेल तर तोंडीही घेऊ नका. न्यायालयाच्या नोंदीत किंवा सार्वजनिक जीवनात आलेली नावे तेवढीच घ्यावीत. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे "आज रात्री अमुक गावात बावीस जणांना फाशी, तातडीने प्रार्थना करा" छापाचे निरोप तारीख आणि देश तपासल्याशिवाय घेऊ नयेत. बरेचसे वर्षानुवर्षे तेच फिरत असतात.

प्रतिसाद १० · चिंचोटी

मुलांसाठी फुमिएची प्रतिकृती करून, पाय ठेवणार का असे विचारले तर? परिणाम चांगला होईल.

प्रतिसाद ११ · पाणकावळा

चिंचोटीताई, ते मात्र नको. दोन कारणे. मुले एकतर हसून पाय ठेवतात, मग मोठे ओरडतात आणि सगळा रंग जातो. नाहीतर एखादे लेकरू खरेच घाबरते. आणि ज्याने पाय ठेवला त्याला पुढे वर्षभर चिडवतात. ज्या गोष्टीने माणसे दोनशे वर्षे रडली तिचा खेळ करायचा नाही.

त्याऐवजी पाच घरांचा गट करून दाखवा. ५० जणांचे १० गट. प्रत्येक गटाला एक कागद, त्यावर पाच रकाने, घरटी तीन प्रश्न: तुमचे मंदिर कोणते, घरात माणसे किती, आणि शेजारच्या घरात गेल्या वर्षात काही वेगळे दिसले का. खाली पाचही सह्या. समोर मराठीत लिहिलेला बक्षिसाचा फलक, शेजारी ८० किलोचा अंदाज यावा म्हणून ५० आणि ३० किलोची तांदळाची पोती. वेळ १२ मिनिटे, त्याहून जास्त नको. कोणालाही "खबऱ्या" नेमायचे नाही, चिठ्ठ्याही टाकायच्या नाहीत. तिसऱ्या प्रश्नापाशी पेन आपोआप थांबते, तेवढे पुरे. मग कागद गोळा करून सगळ्यांसमोर फाडायचे, वाचायचे नाहीत. हे आधी सांगू नका.

त्यानंतर लगेच सतराव्या दिवसाची गोष्ट, मग पाच मिनिटे शांतता, मग विनवण्या. भाषण मध्ये घुसवू नका.

प्रतिसाद १२ · कुशस्थळी

चार ओळी नाही, सहा झाल्या. निरोपात पाठवल्या आहेत. कुठ्ठाळी आणि प्रियोळ यांच्यामधली नदी दाखवणारा एक साधा नकाशा जोडा. नदीशिवाय ती गोष्ट कळत नाही.

प्रतिसाद १३ · जुनी_वही

मिळाल्या. नकाशात झुआरी निळी दाखवते आहे, आणि पलीकडच्या फलकावर निशिझाका ते उराकामी.

छपाईपूर्वी नावांची देवनागरी एकसारखी करून घेते, कारण एकाच फलकावर तीन रूपे येतात: निशिझाका, उराकामी, ओउरा, त्सुवानो, इकित्सुकी, पेतिजाँ. "नागासकी" नव्हे, नागासाकी. आणि खाली तारखा तीनच: ५ फेब्रुवारी १५९७, १५ फेब्रुवारी २०१५, २४ फेब्रुवारी १८७३. यांतली एक तारीख मृत्यूची नाही, म्हणून तिचा रंग वेगळा ठेवते आहे. पोती कोणाकडून आणायची ते उद्या ठरवू.